टॅब घेताय? आधी पुस्तकाचं पान मोजा

दहावीचा निकाल लागून लेकराला अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाला, की जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांत टॅबचा विषय निघतो. कॉलेज अंबडला किंवा परतूरला, शिकवणीचे व्हिडिओ पुण्या-कोट्याच्या शिक्षकांचे, आणि ते पाहायला घरात एकच मोबाईल. तोही वडील सकाळी वावरात घेऊन जातात. गरज खरी आहे. पंधरा-वीस हजार रुपये नेमके कशावर घालायचे, एवढंच ठरवायचं असतं. हे पैसे सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून निघणार असतात, म्हणून दुकानात जाण्याआधी तासभर घरी बसून विचार केलेला बरा. माझं सांगणं असं आहे: टॅब निवडायचा तो पडद्याच्या आकारावर आणि आतल्या मेमरीवर. सोबतच्या वस्तूंपैकी कव्हर पहिल्या दिवशी घ्या, बाकीचं दोन महिने वापर पाहून.

त्याहीआधी एक चौकशी करा. नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठी निवड झालेल्यांना टॅब मोफत आणि सोबत रोजचा ६ जीबी इंटरनेट डेटा, अशी ही योजना आहे. अकरावी विज्ञानाचा प्रवेश, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका आणि आधार ही कागदपत्रं लागतात. गुणांची अट आणि अर्जाची मुदत त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचावी. नॉन-क्रिमिलेअर निघायला वेळ लागतो आणि निकालानंतर सेतू केंद्रांत गर्दी उसळते, त्यामुळे ते मे महिन्यातच काढून ठेवा. तुमचं लेकरू या प्रवर्गांत बसत असेल तर निवड यादी लागेपर्यंत खरेदी थांबवा. हातात मोफत टॅब येणार असताना घरचे वीस हजार घालण्यात अर्थ नाही.

विकतच घ्यायचा असेल, तर फूटपट्टी काढा आणि पाठ्यपुस्तकाचं पान मोजा. विद्यार्थी टॅबवर दोनच गोष्टी प्रामुख्याने करतो, व्हिडिओ पाहणं आणि पीडीएफ वाचणं. व्हिडिओ मोबाईलवरही दिसतो. पीडीएफचं मात्र तसं नाही. क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा ए४ कागदाच्या मापाने तयार केलेल्या असतात. हा कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. बाजारातल्या स्वस्त टॅबचा पडदा ८.७ इंचाचा असतो आणि उभा धरला तर त्याची रुंदी सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे छापील पान जवळजवळ निम्म्यावर येतं. १२ पॉइंटचं अक्षर तिथे साडेसहा पॉइंटचं होतं, औषधाच्या पुड्यातल्या कागदावर असतं तसं. ११ इंची टॅबची उभी रुंदी पावणेपंधरा सेंटिमीटर असते. तिथे तेच अक्षर साडेआठ पॉइंटच्या जवळ राहतं आणि पान बोटांनी मोठं न करता वाचता येतं.

हा फरक किरकोळ नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या सूत्रात ऑक्सिजनखाली लिहिलेला बारीक ४ नीट दिसला नाही, तर विद्यार्थी दर ओळीला पान मोठं करतो, डावीकडे-उजवीकडे सरकवतो आणि अर्ध्या तासात कंटाळतो. मराठी माध्यमाच्या धाकट्या भावंडांचा त्रास आणखी वेगळा. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. 'वैशिष्ट्य' किंवा 'उद्ध्वस्त' असा शब्द साडेसहा पॉइंटात वाचायला लावणं हा डोळ्यांवर अन्याय आहे. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत. ११ इंची टॅब घरात असेल, तर हे सगळं धाकट्यांच्याही उपयोगी पडतं.

आकारासोबत पडद्याचे ठिपके पाहा. खोक्यावर १२८० गुणिले ८०० लिहिलं असेल तर दहा इंची पडद्यावर एका इंचात दीडशेच ठिपके येतात आणि अक्षरांच्या कडा फुटक्या दिसतात. १९२० गुणिले १२०० असेल तर ११ इंचावर दोनशेहून जास्त ठिपके मिळतात. मोठ्या पडद्यावर कमी ठिपके, ही स्वस्त टॅबमधली नेहमीची काटकसर आहे. दुकानात गेल्यावर सेल्समन डेमोची रंगीत चित्रफीत लावून देईल. तिच्यावरून काही कळत नाही. तुमच्या मोबाईलमधली नोट्सची एक पीडीएफ त्या टॅबवर पाठवा, उभी धरून पूर्ण पान उघडा आणि ज्याला वापरायचा आहे त्यालाच वाचायला लावा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

आता आतली मेमरी. इथे मी थोडा मागे जाणार आहे, कारण आपल्या देशाने या बाबतीत एक मोठा धडा घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट जाहीर झाला. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. राजस्थानची आयआयटी आणि डेटाविंड ही कंपनी यांनी मिळून तो केला होता आणि सरकारला एक नग २,२७६ रुपयांना पडत होता. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचं कौतुक झालं. हेतू खरोखर मोठा होता. पण प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आणि सात इंची पडदा बोट जोरात दाबल्यावरच दाद देणारा. बॅटरी दोन-तीन तासांत संपायची. पुढच्या वर्षी मुंबई आयआयटीच्या देखरेखीखाली आलेल्या 'आकाश-२' मध्ये प्रोसेसर, रॅम आणि पडदा तिन्ही बदलावे लागले. शिकण्याचं साधन हळू चालत असेल तर ते स्वस्त असूनही महागात जातं, हे तेव्हा दिसलं. आजही पाच-सहा हजारांत मिळणारे अनोळखी नावांचे दहा इंची टॅब त्याच वाटेने जातात. त्यांच्या जाहिरातीत '१२ जीबी रॅम' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तीन-चार जीबीच असते. उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली, 'एक्स्टेंडेड' किंवा 'व्हर्च्युअल' रॅम. ती हिशेबात धरू नका.

माझ्या मते विद्यार्थ्यासाठी ८ जीबी खरी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज हाच योग्य आकडा. ४ जीबी रॅमवर थेट तास चालू असताना शेजारी पीडीएफ उघडली, की दोन्हींतलं एक बंद पडून पुन्हा सुरुवातीपासून लोड होतं. ६४ जीबीच्या टॅबमध्ये प्रणालीच पंधरा-वीस जीबी व्यापून बसते. तासाभराचा व्हिडिओ मध्यम दर्जात ठेवला तरी तीनशे एमबीच्या आसपास जातो. शंभर तास उतरवून ठेवले की तीस जीबी गेले. गावात नेटवर्क रात्री अकरानंतरच बरं चालतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचे तास रात्री उतरवून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे अभ्यासाचे तास आहेत.

मेमरी कार्ड टाकू की, असं दुकानदार म्हणेल. कार्डावर फोटो, गाणी, पीडीएफ जातात. पण शिकवणीच्या बहुतेक ॲपमधले उतरवलेले तास कुलूपबंद स्वरूपात टॅबच्या आतच साठतात, ॲपही आतच राहतात. त्यामुळे कार्डावर खर्च करण्यापेक्षा ते पैसे ६४ वरून १२८ जीबीवर जाण्यासाठी घाला. आयपॅडला तर कार्डाची जागाच नसते.

सिमचा टॅब घ्यायचा की नुसता वाय-फायचा? सिम चालणाऱ्या टॅबला दोन ते चार हजार जास्त पडतात, आणि दुसऱ्या सिमचा रिचार्ज वेगळा. २८ दिवसांना दोनशे रुपये धरले तरी वर्षाला तेरा रिचार्ज होतात, म्हणजे सव्वीसशे रुपये. घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट अभ्यासाच्या वेळी मिळणार असेल, तर वाय-फायचा टॅब पुरेसा आहे. पण सुरुवातीला सांगितलं तसं मोबाईल एकच असेल आणि तो दिवसभर बाहेर जात असेल, किंवा मूल जालन्यात खोली करून राहत असेल आणि त्याच्याकडे साधा बटणाचा फोन असेल, तर सिमचाच घ्या. त्या घरासाठी हा खर्च अभ्यास चालण्याचा आहे. टॅब जिथे वापरला जाणार तिथे कोणत्या कंपनीचं नेटवर्क नीट येतं ते आधी पाहून त्याच कंपनीचं सिम टाका.

ओघात शेतकरी वाचकांसाठी एक सूचना. ई-पीक पाहणीसारख्या कामासाठी म्हणून टॅब घेऊ नका. तिथे वावरात उभं राहून ठिकाणासह फोटो घ्यावा लागतो. काही वाय-फाय टॅबमध्ये जीपीएस नसतं, वाय-फायच्या आयपॅडमध्ये तर नाहीच. उन्हात पडदाही धड दिसत नाही. त्या कामाला मोबाईलच बरा.

आयपॅडचा मोह पुष्कळांना होतो. मार्च २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड १२८ जीबीपासून सुरू होतो आणि आला तेव्हा त्याची किंमत ३४,९०० रुपये होती. तो टिकाऊ आहे, वेगवान आहे, अपडेट वर्षानुवर्षं मिळतात, आणि त्याचा पडदा उभा धरल्यावर ११ इंची अँड्रॉइडपेक्षा एक सेंटिमीटर रुंद असल्याने पीडीएफ आणखी मोकळी दिसते. बारावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला पाच-सहा वर्षं तोच वापरायचा असेल आणि पैसे सहज निघत असतील, तर घ्या. हप्त्यांवर ओढाताण करून घेऊ नका. अकरावी-बारावीच्या अभ्यासाला सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९+ च्या वर्गातला ११ इंची अँड्रॉइड पुरून उरतो. लेनोवो, शाओमी, वनप्लस यांचेही याच तोलाचे टॅब आहेत. मॉडेलची नावं दर वर्षी बदलतात, म्हणून नावाच्या मागे न लागता आकार, ठिपके, रॅम, स्टोरेज आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे पाच आकडे कागदावर लिहून दुकानात न्या.

सोबतच्या वस्तूंवर मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दुकानदाराचा नफा टॅबपेक्षा त्यांवर जास्त असतो आणि गिऱ्हाईक त्या वेळी नाही म्हणत नाही.

कव्हर घ्याच. एसटीच्या गर्दीत, दप्तरात डब्याशेजारी, खाटेवरून खाली असा टॅबचा प्रवास असतो. चारही कोपऱ्यांना जाड रबर असलेलं आणि मागे उभं करायला आधार असलेलं कव्हर निवडा. चकचकीत पातळ कव्हर पडताना काहीच वाचवत नाही. काच वाचवणारी टेम्पर्ड ग्लास लावून घ्या, पण ती त्याच मॉडेलची असावी. जवळपासच्या मापाची कापून लावलेली काच कडेने सुटते आणि धूळ आत जाते.

कीबोर्ड बहुतेकांनी घेऊ नये. दीड-दोन हजार जातात आणि अकरावीच्या मुलाला टंकायचं काहीच नसतं. त्याऐवजी चार-पाचशे रुपयांचा ब्लूटूथ माउस घ्या. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होतात आणि तिथे उत्तर माउसने निवडायचं असतं. जेईईत आकडी उत्तरसुद्धा पडद्यावरच्या अंकांवर माउसने टिचक्या मारून भरतात. टॅबवर बोटाने सराव चाचण्या देत आलेलं मूल परीक्षा केंद्रात पहिल्यांदा माउस हातात धरतं, तेव्हा वेळ जातो. ग्रामीण भागातल्या मुलांचं हे नुकसान सहज टाळता येण्यासारखं आहे. अँड्रॉइड टॅबला माउस जोडला की पडद्यावर बाण दिसतो, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त नीटची तयारी असेल तर माउसचीही गरज नाही. ती परीक्षा आजवर कागदावर, गोळे काळे करून होत आली आहे. सरावही छापील उत्तरपत्रिकेवरच करावा.

पेनचं आकर्षण सर्वांत मोठं असतं आणि फसवणूकही तिथेच होते. दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे दुसरं बोटच. त्याने अक्षर सुबक येत नाही आणि हात टेकवला की तोही उमटतो. खरं लिहिणारं पेन टॅबच्या पडद्यात तशी सोय असेल तरच चालतं, नंतर ती बसवता येत नाही. गॅलेक्सी टॅब ए९ किंवा ए९+ वर सॅमसंगचं एस पेन चालत नाही. टॅब एस६ लाइट किंवा एस९ एफई घेतला तर पेन खोक्यातच येतं. आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं आणि साध्यातलं साधं घेतलं तरी सुमारे आठ हजारांना पडतं. विद्यार्थ्याला ते हवं का? मला वाटतं, नाही. बोर्डाची परीक्षा हाताने, कागदावर, शाईच्या पेनाने द्यायची आहे. व्युत्पत्ती आणि अभिक्रिया वहीत लिहूनच पक्क्या होतात, आणि आठ हजारांत किती वह्या येतील याचा हिशेब प्रत्येकाने करावा. शिक्षकांची गोष्ट निराळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई प्रोजेक्टरवर लिहून शिकवत असतील, वह्या-चाचण्या टॅबवर तपासत असतील, तर पेनासह येणारा टॅब त्यांच्या कामाचा आहे.

जादा वॉरंटी आणि विमा यांत फरक करा. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी असतेच. 'एक्स्टेंडेड' वॉरंटी म्हणजे तीच आणखी एक वर्ष. तीत आपोआप झालेला बिघाड येतो, पडून फुटलेली काच येत नाही. तुटफुटीचा प्लॅन वेगळा. टॅब रोज एसटीने ये-जा करणार असेल आणि प्लॅन टॅबच्या किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा स्वस्त असेल, तर मी तो घ्या म्हणेन, कारण ११ इंची पडदा बदलायचा खर्च टॅबच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. घेण्याआधी विचारा: वर्षात किती वेळा दुरुस्ती, दर वेळी आपल्या खिशातून किती, आणि टॅब नेऊन कुठे द्यायचा. छत्रपती संभाजीनगरला जावं लागणार असेल तर जालन्याहून साठेक किलोमीटर, मंठ्याहून त्याच्या जवळपास दुप्पट. कुरिअरने उचलून नेतात का, हेही लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त असतो. ॲपल आपला आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. इतर टॅबच्या लिथियम बॅटऱ्याही याच जातीच्या आहेत. दुपारी चार्जिंगला लावून त्यावरच व्हिडिओ पाहिला की बॅटरी तापते, चार्जिंग मंदावतं आणि तिचा दम लवकर कमी होतो. पहाटे किंवा रात्री चार्ज करा, कव्हर काढून, गादीवर न ठेवता. खोक्यात चार्जर आहे का आणि तो किती वॉटचा आहे, ते बिल करण्याआधी पाहा. काही कंपन्या टॅब जलद चार्ज होणारा देतात आणि सोबत चार्जर मंद ठेवतात. लाइट तीन-चार तासच टिकत असेल तर जलद चार्जरवर हजार रुपये घालणं रास्त आहे.

खरेदी कधी करावी? पीक विकून पैसा येतो दिवाळीच्या सुमारास, आणि दसरा-दिवाळीच्या विक्रीत गेल्या वर्षीचं मॉडेल बरंच उतरतं. जूनमध्ये घाई नसेल तर थांबावं. जालन्यात सुभाष रोडवरच्या दुकानांत भाव विचारा, त्याच मॉडेलचा ऑनलाइन भाव दाखवा. हजार-पाचशेचा फरक असेल तर दुकानातूनच घ्या, अडचण आली की माणूस समोर असतो. 'नो कॉस्ट' हप्त्याला भुलू नका. त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी दिलेली दाखवतात. प्रोसेसिंग फी आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटीही तुमच्याकडूनच जातो. रोख दिले तर किती, हा प्रश्न हप्त्याचं बोलणं सुरू होण्याआधी विचारा.

जुना टॅब घेणार असाल आणि तो सिमचा असेल, तर *#०६# दाबून किंवा सेटिंगमध्ये आयएमईआय क्रमांक काढा आणि सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासा. चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर तिथे कळतं. आधीच्या मालकाचं गुगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर टॅब कुलूपबंद राहतो. घरी आल्यावर मुलाचं खातं उघडून गुगलची फॅमिली लिंक लावा आणि रात्री पडदा कधी बंद व्हायचा, ते त्याच्याशी बोलून ठरवा.

आणि बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव, रॅम-स्टोरेज आणि सिरीयल क्रमांक लिहून. खोटी रॅम, बदललेला नग, नाकारलेली वॉरंटी यांपैकी काही झालं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच त्याला दावा दाखल करता येतो. टॅब बंगळुरूच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला असला तरी भोकरदनच्या माणसाला जालन्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी दाव्याला शुल्क नाही.